जाहीरनामा रिओचा, जनसुनावणी चिकोडीची: पर्यावरण हक्क आपल्या कायद्यात आणण्याची वाट

कारखान्याची गाळप क्षमता वाढणार असली किंवा एखादी खाण सुरू होणार असली, की जनसुनावणीची नोटीस निघते. ती पेपराच्या कोपऱ्यात छापून येते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि कन्नड वाचता येणारा एखादा पोरगा ती बाकीच्यांना समजावून सांगतो. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत, सारांश बहुतेक वेळा कन्नडमध्ये. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात ज्यांची विहीर त्या पाण्यावर असते, त्यातले कितीतरी जण घरात आणि शेतात मराठीच बोलतात. सुनावणी होते, इतिवृत्तावर सही होते आणि फाईल बंगळूरला रवाना होते.

नेमक्या ह्या अडचणीवर एका आंतरराष्ट्रीय करारात उत्तर लिहिलेलं आहे. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी ४ मार्च २०१८ रोजी कोस्टा रिकातल्या एस्काझू इथे एक करार मंजूर केला. तो २२ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. त्याचं कलम ७(११) सांगतं की, प्रकल्पाचा फटका बसणारे लोक मुख्यतः राजभाषेपेक्षा वेगळी भाषा बोलत असतील, तर त्यांना विषय समजावा आणि सहभागी होता यावं अशी सोय संबंधित अधिकाऱ्यानं केलीच पाहिजे. कलम ८(४) मध्ये न्याय मागताना लागणाऱ्या भाषांतराची आणि दुभाष्याचीही तरतूद आहे.

भारत ह्या करारात नाही आणि येऊही शकत नाही, कारण तो त्या प्रदेशातल्या ३३ देशांपुरताच खुला आहे. तरी ते कलम इथे आणता येतं. कसं, ते पुढे सांगतो. उदाहरण म्हणून हेच एक कलम शेवटपर्यंत धरलं आहे, कारण ‘पर्यावरण हक्क मिळालेच पाहिजेत’ अशा मोघम मागणीवर कुठलाच अधिकारी काही करू शकत नाही. आख्खा करार आणायचा हट्ट सोडा. एक कलम घ्या.

पायरी पहिली: कागद कुठल्या जातीचा ते बघा

आंतरराष्ट्रीय कागदांत तीन जाती असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की निवेदन पहिल्याच टेबलावर पडतं.

पहिली जात म्हणजे भारतानं सही आणि अनुसमर्थन (सहीनंतरची पक्की मान्यता) केलेले बंधनकारक करार. जैवविविधता करार (१९९२, भारताचं अनुसमर्थन फेब्रुवारी १९९४), धोकादायक कचऱ्याचा बाझल करार, पाणथळ जागांचा रामसर करार (भारत १९८२ पासून), वन्यजीवांच्या व्यापाराचा साइट्स करार (१९७६ पासून), पॅरिस करार (२ ऑक्टोबर २०१६). इथे ‘भारतानं शब्द दिला आहे’ असं ठणकावून लिहिता येतं.

दुसरी जात जाहीरनाम्यांची. १९७२ चा स्टॉकहोम जाहीरनामा आणि १९९२ चा रिओ जाहीरनामा हे दोन आपल्या कामाचे. रिओच्या दहाव्या तत्त्वात तीन हक्क एका दमात सांगितले आहेत: माहिती मिळणं, निर्णयात भाग घेणं आणि दाद मागता येणं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०२२ रोजी ठराव ७६/३०० करून स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचं मान्य केलं. बाजूनं १६१ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि भारत बाजूनं मत देणाऱ्यांत होता. पण आदल्या वर्षी, ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, मानवाधिकार परिषदेत असाच ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला होता. निवेदनात फक्त २०२२ चं मत लिहून २०२१ गाळलंत, तर समोरचा वकील ते काढणारच. दोन्ही लिहा, आणि सरकारची भूमिका पुढे सरकली असं म्हणा.

तिसरी जात परक्या करारांची. एस्काझू त्यातला. युरोपाचा १९९८ चा आरहूस करारही त्यातलाच, आणि शेजारी देशाला फटका बसणार असेल तर त्या देशातल्या लोकांनाही सुनावणीत घ्यायला लावणारा १९९१ चा एस्पू करारसुद्धा. ह्यांचा उपयोग नमुना म्हणून. ‘भारत बांधील आहे’ हे वाक्य ह्यांच्याबाबत चुकूनही लिहू नका.

परका नमुना आणि आपलं वचन ह्यांना जोडणारा एक दुवा हवा असतो. आपल्या उदाहरणात तो आहे संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाची २०१० ची बाली मार्गदर्शक तत्त्वं. रिओच्या दहाव्या तत्त्वाला धरून देशांनी आपापले कायदे कसे करावेत, ह्यासाठीच ती २६ तत्त्वं लिहिली गेली. म्हणून मांडणीचा क्रम असा ठेवा: रिओचं दहावं तत्त्व, मग बाली, आणि सगळ्यात शेवटी तपशिलाचा नमुना म्हणून एस्काझू ७(११).

पायरी दुसरी: करार आपोआप कायदा होत नाही, हे मनात पक्कं करा

भारतात करार करणं हे केंद्र सरकारचं काम. संबंधित मंत्रालय वाटाघाटी करतं, परराष्ट्र मंत्रालयाचा विधी आणि करार विभाग मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ मंजुरी देतं आणि अनुसमर्थनाचा कागद बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांकडे जमा होतो. संसदेची संमती घ्यावीच लागते असं नाही. पण त्या सहीमुळे कराराचं कलम बेळगावच्या न्यायालयात लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि १९८४ च्या ग्रामोफोन कंपनी खटल्यात सांगितलं की देशातला कायदा आणि आंतरराष्ट्रीय नियम ह्यांची टक्कर झाली तर देशातला कायदा वर.

कायदा करायची ताकद राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ मध्ये आहे. करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेचा निर्णय अमलात आणायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरी. १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, दोन्हींच्या उद्देशिकेत स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे तो ह्याचसाठी. त्याआधीच्या १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याला दुसरी वाट धरावी लागली. पाणी राज्यांचा विषय म्हणून अनुच्छेद २५२ खाली राज्यांचे ठराव गोळा करावे लागले होते. अनुच्छेद ५१ मधलं आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखण्याचं कलमही निवेदनात टाका, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या एकट्याच्या जोरावर काही मिळत नाही.

सहीपासून कायद्यापर्यंत किती काळ जातो ह्याचा अंदाज असू द्या. जैवविविधता कराराला अनुसमर्थन १९९४ साली, कायदा २००२ साली. सहज नष्ट न होणाऱ्या विषारी रसायनांच्या स्टॉकहोम कराराला अनुसमर्थन २००६ साली, नियम २०१८ साली. साइट्समध्ये भारत १९७६ पासून, आणि त्या करारासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यात स्वतंत्र प्रकरण आलं ते २०२२ च्या दुरुस्तीनं. म्हणजे ४६ वर्षं!

पायरी तिसरी: दार निवडा

सगळा खेळ ह्या पायरीवर ठरतो, म्हणून इथे जरा थांबतो.

*नवा कायदा.* भारदस्त वाटतं, पण सर्वांत लांबचं दार. खासदाराकडून खासगी विधेयक मांडून घेता येतं, चर्चाही होते. मात्र स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. बातमी हवी असेल तर हे दार ठीक.

*नियम किंवा अधिसूचना.* माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी हेच दार. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम ३ केंद्राला पर्यावरण रक्षणासाठी लागेल ते करण्याचा अधिकार देतं. ओझोन थराला घातक पदार्थांचे २००० सालचे नियम, धोकादायक कचऱ्याचे नियम, पाणथळ जागांचे २०१७ चे नियम, हे सगळे त्याच कायद्याखालचे. जनसुनावणीची चौकटही १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे, आणि तीही ह्याच कायद्याखाली. म्हणजे आपलं कलम घालायला संसदेत जायची गरज नाही. त्या अधिसूचनेच्या परिशिष्ट ४ मध्ये एक उपपरिच्छेद वाढला की झालं.

*न्यायालय.* करार आणि मूलभूत हक्क एका दिशेला बोलत असतील आणि देशातला कायदा गप्प असेल, तर न्यायालय कराराचा आधार घेऊन ती जागा भरतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या १९९७ च्या विशाखा निकालात असंच झालं, आणि त्या मार्गदर्शक सूचनांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. विशाखाच्या आदल्या वर्षी, १९९६ साली, वेल्लोर निकालानं सावधगिरीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग ठरवलं. पुढे २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये ही दोन्ही तत्त्वं छापून आली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं दिव्य फार्मसी खटल्यात जैविक संपत्तीच्या लाभवाटपाबद्दलच्या नागोया प्रोटोकॉलचा आधार घेऊन देशी कंपनीलाही स्थानिक लोकांना लाभाचा वाटा द्यावा लागेल असा अर्थ लावला. संसदेनं मात्र २०२३ च्या दुरुस्तीत ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना सवलत देऊन त्या वाट्याला बरीच कात्री लावली.

एक इशारा. कराराचा युक्तिवाद दोन्हीकडून चालतो. मार्च २०२४ च्या रणजितसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला, त्याचं स्वागतही झालं. पण त्याच निकालात सौरऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय वचनांचा आधार घेऊन माळढोकासाठी वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा २०२१ चा आदेश सैल केला गेला. आपण करार पुढे केला की समोरचाही एखादा करार काढणार, ह्याची तयारी ठेवा.

*ग्रामपंचायत.* सगळ्यांत दुर्लक्षित दार. जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ खाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि त्या हद्दीतली जैविक संपत्ती आणि तिच्याबद्दलचं ज्ञान वापरण्याचा निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणानं आणि राज्य मंडळानं तिचा सल्ला घ्यायचा आहे. १९९२ च्या कराराचं गावात पोचलेलं टोक हेच. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या पंचायतींनी आपली लोकजैवविविधता नोंदवही काढून बघावी. झाडापेडांची, रानभाज्यांची, औषधींची नावं तिथले लोक बोलतात त्या मराठीत लिहिली आहेत का, समितीतल्या माणसांना आपण समितीत आहोत हे तरी ठाऊक आहे का, ते कळेल. पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) अर्ज करून नोंदवहीची प्रत मागता येते.

पायरी चौथी: आजच्या नियमात भोक कुठे आहे ते दाखवा

परिशिष्ट ४ प्रमाणे जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात सूचना, सारांश अहवाल इंग्रजीत आणि राज्याच्या राजभाषेत किंवा स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खाली नसलेला प्रतिनिधी, चित्रीकरण सक्तीचं, आणि इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. ऐकायला छान आहे. पण ‘राजभाषा किंवा स्थानिक भाषा’ ह्यातली निवड मंडळावर सोडलेली आहे. कर्नाटकात कन्नड सारांश दिला की नियम पाळला गेला, मग गाव खानापूर तालुक्यातलं असो वा हावेरीतलं. मंडळावर राग काढून उपयोग नाही, ते नियमाप्रमाणेच चालतं. भोक नियमात आहे.

देशातल्याच दोन गोष्टी आपल्या बाजूनं आहेत. एक म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यांनी मान्य केलेली जुनी योजना. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हव्यात, असं त्यात ठरलं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०(ब) खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त तिच्यावर लक्ष ठेवतात. दुसरी म्हणजे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४). स्वतःहून जाहीर करायची माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा, असं ते सांगतं.

शिवाय २०२० चा अनुभव आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा नवा मसुदा केंद्रानं काढला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत उपलब्ध करायला सांगितलं. ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अंतिम अधिसूचना काढायला तात्पुरती मनाई केली, तिथेही प्रसिद्धी आणि भाषा हा मुद्दा होता. आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचं हे उदाहरण, निवेदनात पहिल्या पानावर ठेवा.

पायरी पाचवी: पुरावा जमवा

मागची एखादी सुनावणी निवडा. साखर कारखान्यांत रोज ५,००० टन किंवा जास्त गाळपाच्या प्रकल्पांना ही अधिसूचना लागू होते, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात उदाहरणांची वाण नाही. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाची फाईल आणि मूल्यांकन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मिळतात. तिथे नसेल ते माहिती अधिकारात मागा: जाहीर सूचना कुठल्या दैनिकांत आणि कुठल्या भाषेत आली, सारांश कुठल्या भाषांत ठेवला, चित्रीकरणाची प्रत, लेखी हरकती किती आणि कुठल्या भाषेत आल्या.

अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत करा. कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, मराठी अर्ज घेतला नाही तर तिथे भांडण्यात महिना जाईल. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्नांची लांबलचक यादी जोडू नका, दोन-तीन अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यापुढच्या ३० दिवसांत.

चित्रीकरण आलं की एकच काम: मराठीत बोललेली वाक्यं आणि इतिवृत्तातली त्यांची नोंद शेजारीशेजारी लिहून काढा. ‘प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली’ एवढ्या एका ओळीत कुणाचं दहा मिनिटांचं बोलणं गुंडाळलेलं सापडलं, तर ते दोन रकान्यांचं पान तुमच्या सगळ्या कायदेशीर युक्तिवादापेक्षा वजनदार ठरेल.

पायरी सहावी: कलम लिहूनच द्या

‘योग्य ती दुरुस्ती करावी’ म्हणणारं निवेदन फाईलला लागतं. मंत्रालयातल्या माणसाला तयार वाक्य द्या. उदाहरणादाखल:

“प्रकल्पाच्या सभोवतालच्या दहा किलोमीटर परिघातल्या गावांच्या एकत्रित लोकसंख्येत, लगतच्या जनगणनेनुसार, राज्याच्या राजभाषेखेरीज दुसरी भाषा मातृभाषा असणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तर जाहीर सूचना, सारांश अहवाल आणि सुनावणीचं इतिवृत्त त्या भाषेतही प्रसिद्ध केलं जाईल. सुनावणीत त्या भाषेत मांडलेलं म्हणणं त्याच भाषेत नोंदवलं जाईल. भाषांतर आणि दुभाष्याचा खर्च प्रकल्पधारक देईल, नेमणूक मंडळ करील. ह्या उपपरिच्छेदाचं पालन झालेलं नसल्यास सूचनेची तीस दिवसांची मुदत पालन झाल्याच्या दिवसापासून पुन्हा मोजली जाईल.”

आता ह्यातला एकेक शब्द का आहे ते. ‘दहा किलोमीटर’ कारण मूल्यांकनाचा अभ्यास बहुधा तेवढ्याच परिघात होतो, आकडा अधिकाऱ्यांच्या ओळखीचा आहे. जिल्हा हा घटक घेतला तर खानापूरचं मराठी बहुमत बेळगाव जिल्ह्याच्या सरासरीत विरघळतं, म्हणून गावांची बेरीज. पंधरा टक्के ही आपण काढलेली मर्यादा नाही, सरकारनं आधीच मान्य केलेली आहे. खर्च प्रकल्पधारकाचा, पण नेमणूक मंडळाची, नाहीतर दुभाषा कारखान्याच्या कँटीनमधून यायचा. आणि शेवटचं वाक्य नसेल तर बाकी सगळं शोभेचं. मुदत परत मोजली जाते म्हटल्यावर प्रकल्पाचे सल्लागार स्वतःच भाषांतर करून घेतात.

मराठीचं नाव मसुद्यात कुठेही घालू नका. ‘दुसरी भाषा’ एवढंच लिहा. त्यामुळे हेच कलम सोलापूर, अक्कलकोट, जतमधल्या कन्नड शेतकऱ्याला आणि बळ्ळारीतल्या तेलुगू शेतकऱ्याला तसंच मिळतं. सीमाप्रश्नावर आपलं काहीही मत असो, ह्या मसुद्यावर कन्नड रयत संघटनेचीही सही मिळवता येते, आणि ती मिळाली तर बंगळूरमध्ये दार लवकर उघडतं. दोन्ही भाषांतल्या सह्यांचं एकत्र निवेदन हेच ह्या कामातलं सर्वांत मोठं भांडवल आहे, असं माझं मत आहे.

पायरी सातवी: मसुदा घेऊन कुणाकडे जायचं

केंद्रीय पर्यावरण मंत्रालय हा मुख्य पत्ता. तिथे मराठीत निवेदन पाठवण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतं, तक्रार-निवारणासाठी संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन करता येतं. तरी इंग्रजी प्रत जोडाच. हक्क बजावणं आणि वाचलं जाणं ह्यात फरक आहे.

खासदार कोण ते आधी तपासा. खानापूरचे लोक इथे हमखास चुकतात: खानापूर विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत मोडतो, बेळगावमध्ये नाही. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग ही चिकोडी लोकसभेत. खासदारांकडून भाषण नको, लेखी प्रश्न मागा: मागच्या पाच वर्षांत कर्नाटकात झालेल्या जनसुनावण्यांपैकी कितींचे सारांश राजभाषेखेरीज इतर भाषेत दिले? उत्तर छापील मिळतं आणि पुढे न्यायालयातही कामाला येतं. लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येतं. अर्ज मराठीत असेल तर स्वतः सही केलेलं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि तो खासदाराच्या हातून मांडता येतो.

राज्याकडे काय मागायचं? अधिसूचना बदलणं राज्याच्या हातात नाही, पण प्रदूषण मंडळाला परिपत्रक काढून ‘स्थानिक भाषे’चा अर्थ ठरवून देणं राज्याला जमण्यासारखं आहे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. मंत्री आणि सचिव त्या दिवसांत हाताच्या अंतरावर असतात. बंगळूरच्या चकरा वाचवायच्या तर निवेदन तेव्हाच द्या, आणि कन्नडमध्ये द्या.

ह्याखेरीज एक खिडकी अधूनमधून आपोआप उघडते. केंद्र नियम किंवा अधिसूचना बदलतं तेव्हा पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या नियम ५(३) प्रमाणे मसुदा राजपत्रात येतो आणि ६० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतो. सार्वजनिक हिताचं कारण देऊन ही पायरी वगळायची मुभा नियम ५(४) देतो आणि तिचा वापर सढळपणे होतो, म्हणून आलेली संधी सोडू नका. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी आला, त्यात खानापूर तालुक्यातली गावं आहेत. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं त्याच सप्टेंबरात ह्या मसुद्यामागचा कस्तुरीरंगन अहवाल नाकारला. मधल्या काळात अफवा उठल्या: गुरं चारता येणार नाहीत, घर बांधता येणार नाही, गाव उठवणार. मसुद्यात काय होतं आणि काय नव्हतं हे मराठीत छापून वाटलं असतं, तर विरोध करणाऱ्यांचाही विरोध नेमका झाला असता. पुढचा मसुदा आला की पहिल्या आठवड्यात भाषांतर करून ग्रामसभेत वाचायचं, असं ठरवून ठेवा.

पायरी आठवी: न्यायालय, आणि कुठलं

चालू सुनावणीतच नियम मोडला गेला असेल आणि तरीही पर्यावरण मंजुरी मिळाली असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १६ खाली अपील. मुदत ३० दिवस, कारण पटलं तर आणखी ६०. ह्या ९० दिवसांनंतर काही चालत नाही. प्रदूषणाविरुद्धचा अर्ज कलम १४ खाली, सहा महिन्यांत, अधिक ६० दिवस. नुकसानभरपाई कलम १५ खाली, पाच वर्षांत. भरपाई मागितलेली नसेल तर शुल्क एक हजार रुपये, वकील सक्तीचा नाही. कर्नाटकाचं काम चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे चालतं, मराठी-कन्नड कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात. आणखी एक मर्यादा म्हणजे न्यायाधिकरण परिशिष्टातल्या सात कायद्यांवरच बोलू शकतं. जैवविविधता कायदा त्यात आहे, वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा नाहीत. भीमगडातल्या पुनर्वसनाचा वाद घेऊन तिथे गेलात तर परत पाठवतील.

नियमातच खोट आहे, तो अनुच्छेद १४ आणि २१ ला धरून नाही, असं म्हणायचं असेल तर हरित न्यायाधिकरण उपयोगाचं नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. तिथे मांडणी पहिल्या पायरीच्या क्रमानंच: प्रदूषणमुक्त पाणी आणि हवेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो (सुभाष कुमार, १९९१), तो हक्क वापरायला माहिती आणि सहभाग लागतो (रिओ १०), नियम ह्यावर गप्प आहे आणि गप्प जागा कराराच्या आधारानं भरता येते (विशाखा). नियम विरोधात बोलत असता तर ग्रामोफोनचा निकाल आडवा आला असता. तो गप्प आहे, हेच आपल्या पथ्यावर पडतं.

नदी हद्द ओळखत नाही, खंडपीठ ओळखतं

सीमाभागाची खास गुंतागुंत इथे आहे. दूधगंगा कागलकडून चिकोडी तालुक्यात येते, हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला, पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून पुढे आपल्याकडे. वर मळी सुटली की मासे खाली मरतात. महाराष्ट्राचं काम पुण्याच्या पश्चिम खंडपीठाकडे आणि आपलं चेन्नईकडे. न्यायाधिकरणाच्या नियमांत दाव्याचं कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडलं तिथे अर्ज करता येतो, म्हणून पाणी कोल्हापूर जिल्ह्यात नासलं आणि नुकसान चिकोडीत झालं, तर पुणे खंडपीठाचा विचार नक्की करा. प्रदूषण करणारा आणि त्याच्यावर कारवाई करू शकणारं मंडळ, दोन्ही तिथल्या हद्दीत असतात.

अर्जात पाण्याच्या वाटणीबद्दल मात्र एक शब्दही नको. वाटणी हा अनुच्छेद २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याचा विषय. म्हादईचा लवाद त्याच कायद्याखाली २०१० साली नेमला गेला आणि त्यानं १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी देणारा निवाडा दिला. म्हादईच्या वादाच्या ठिकाणीच राहणाऱ्या कणकुंबीकरांना हा फरक अंगवळणी पडला आहे, बाकीच्यांनी वकिलाकडून अर्ज एकदा त्या नजरेनं वाचून घ्यावा.

सुनावणीचंही तसंच. कागल तालुक्यातल्या प्रकल्पाची सुनावणी कोल्हापूर जिल्ह्यात होते, धूर आणि पाणी निपाणीला पोचलं तरी. दोन देशांसाठी लिहिलेली एस्पू कराराची कल्पना दोन राज्यांना लावून मसुद्यात दुसरा उपपरिच्छेद घालता येईल: दहा किलोमीटरच्या परिघात दुसऱ्या राज्यातली गावं येत असतील, तर सूचना आणि सारांश त्या राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे आणि त्या ग्रामपंचायतींकडे पाठवला जाईल, आणि तिथल्या लोकांच्या लेखी हरकती त्याच वजनानं नोंदवल्या जातील. तोपर्यंत निपाणीच्या माणसानं कोल्हापूरच्या सुनावणीला जायला काहीच हरकत नाही. लेखी हरकत सुनावणीआधी मंडळाकडे द्या, पोच घ्या आणि सुनावणी संपताना इतिवृत्त वाचलं जाईपर्यंत जागेवरून उठू नका. आपला मुद्दा वाचण्यात आला नाही तर तिथल्या तिथे, कॅमेऱ्यासमोर सांगा. मंडळ आठ दिवसांत कागद पुढे पाठवतं, त्यानंतर त्यात काही घालता येत नाही.